माशांची खानेसुमारी

दर गुरुवारी सापळे उघडते.
खालच्या फांद्यांना टांगलेले चोवीस डबे,
आत वासात भिजवलेला प्लायवुडचा तुकडा,
तळाशी आठवड्याचा खच.
वर्तमानपत्रावर पालथा घालते,
चार कोपऱ्यांना चार चिरे ठेवते,
कारण कातळावरून खारा वारा सुटलेला असतो,
आणि एकेकीचं शेपूट बघते.

सुई असली तर मादी.
बोथट असलं तर नर.

"काय गो, माशा मारतंस?"
शेवंती घाडीण गडग्यापलीकडून विचारते.
मारणंय नाय गे, मोजतंय.
मेलेल्या मोजतंय.

रजिस्टरात तीन रकाने: कलम, नर, मादी.
पहिला आठवडा, नर एकशे बारा, मादी शून्य.
दुसरा, दोनशे चार, शून्य.
मार्च सरला.
शून्यं काढून काढून
माझं अक्षर गोल झालं.

निवळकर तालुक्याहून मोटरसायकलवर येतो,
बेरीज तपासतो, खूश होतो.
"नरच संपले, की यांचा संसार कसा चालेल?"
मी काही बोलले नाही.
पेटीमागे दोन आंबे तसेच निघत होते,
देठापाशी सुईएवढं भोक, आत वळवळ.
एखादा नर मागे राहिला तरी पुरत असावा.

घरी तुळशीवरही तोच प्रकार.
सापळ्याचा वास आणि मंजिरीचा,
दोन्ही एकाच घराण्यातले,
म्हणून सकाळी ते तिथे जमतात,
पिवळ्या पट्ट्यांचे, काचेच्या पंखांचे,
सगळे नवरदेव.
कार्तिकाला अजून सात महिने
आणि वऱ्हाड अंगणात येऊन बसलेलं,
पाय चोळत.

एप्रिलच्या शेवटी टाकाऊतले तीन आंबे उचलले.
लोणच्याच्या बरणीत चाळलेली पुळण,
वर आंबे, तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा.
राखणदाराची बायको मनमाया म्हणाली,
"यात काय पिकवतेस, दीदी?"
अळ्या फळातून बाहेर आल्या,
अंगाची कमान करून उड्या मारत वाळूत गेल्या.
दाणे झाले, तपकिरी, भाताएवढे.
मग एका पहाटे फडक्याखाली गुणगुण.

बरणी फ्रीजमध्ये ठेवली, सुरमईच्या तुकड्यांशेजारी.
गारठल्यावर ओतली, मोजली.
नर एकतीस.
मादी तेहतीस.
पुन्हा मोजली.

म्हणजे होत्या.
फणसाच्या सावलीत, पानांच्या पालथ्या अंगाला,
हिरव्या सालीला सुई लावून
सगळा हंगाम होत्या.
डब्यात आल्या नाहीत इतकंच.
तो वास त्यांच्यासाठी नव्हता.

या बागेच्या सातबाऱ्यावर तीन नावं,
तिन्ही भावांची.
आम्ही बहिणी चौघी.
बाबा गेले त्या वर्षी मे महिन्यात
देवगडला निबंधकाच्या कचेरीत पंखा बंद होता.
धाकट्याने नवं बोलपेन आणलं होतं.
चौघींनी सही केली, वयाप्रमाणे, थोरलीपासून.
मग त्याने टोपण लावून
पेन खिशाला अडकवलं.
परत येताना सोलकढी पाजली सगळ्यांना.
चांगली होती.

निवळकरला बरणी दाखवली.
म्हणाला, "हे नमुन्यात बसत नाही, ताई.
आपला सर्व्हे सापळ्याचा."
त्याचं खोटं नाही.
तो गेल्यावर रजिस्टरात चौथी रेघ ओढली,
पट्टी सापडेना, वाकडीच आली.
वर काय लिहावं सुचेना.
'बरणी' असं लिहिलं.
खाली तेहतीस.

तोवर कागदावर एक शुद्धीवर आली होती.
पंख पुसले, शेपटाची सुई आत-बाहेर केली,
जरा चालली, ३१ या आकड्यावरून,
आणि उडाली थेट कलमांकडे.
मोजलेली होती.
बाग भावांची.
हातातलं फडकं मी
हातातच ठेवलं.